तहनाम्यात नसलेला बर्फ

पहलगाम येथील निर्घृण हत्याकांडानंतर, २३ एप्रिल २०२५ रोजी, भारत सरकारने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित ठेवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि एरवी शालेय भूगोलात पंजाबच्या पाच नद्यांच्या यादीत एकदा वाचून आपण जे विसरून जात असू ते चिनाबचे नाव महाराष्ट्रातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येऊन बसले. त्या हत्याकांडात बळी पडलेल्या सव्वीस जणांत सहा जण आपल्या महाराष्ट्राचे होते. त्यामुळे येथील संताप अधिक जवळचा होता आणि तो न्याय्यही होता. परंतु त्या संतापातून जी चर्चा उभी राहिली तिच्यात चिनाबचे पाणी अडवावे, सोडावे, वळवावे अशी भाषा इतक्या सहजपणे वापरली जाऊ लागली की, हिमालयात कोठेतरी एक तोटी बसविलेली असून ती फिरविणे हा केवळ निर्धाराचा प्रश्न आहे, असे कोणासही वाटावे. करार ठेवावा, बदलावा की मोडावा, याचा निर्णय राज्यकर्त्यांनी करावयाचा आहे आणि त्या निर्णयाला अनेक बाजू आहेत. माझे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे. ज्या नदीवर आपल्याला हुकूमत गाजवावयाची आहे ती कोठून येते, कशाने भरते, वाटेत काय वाहून आणते आणि तिच्या काठी कोण राहते, हे जाणण्याची उत्सुकता आपण अद्याप दाखविलेली नाही. आणि जे जाणणे सर्वांत अगत्याचे आहे ते, म्हणजे उगमाजवळचा बर्फ, १९६० च्या तहनाम्यातही नव्हते आणि आजच्या वादंगातही नाही.

हिमाचल प्रदेशातील लाहौल प्रांताच्या ईशान्येस, सुमारे ४,८९० मीटर उंचीवर, बारालाचा नावाची खिंड आहे. मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता तिच्यावरून जातो आणि वर्षातील कित्येक महिने ती हिमाखाली बुजलेली असते. या एकाच खिंडीच्या दोन अंगांनी दोन प्रवाह निघतात आणि परस्परांकडे पाठ फिरवून चालू लागतात. वायव्येकडचा प्रवाह भागा; तो सूरजताल नावाच्या लहानशा सरोवराजवळून निघून दारचा, जिस्पा आणि केलाँग या वस्त्यांवरून साठेक किलोमीटरांची तुलनेने सरळ वाट धरतो. दुसरा प्रवाह चंद्रा. तो आग्नेयेकडे उतरतो, चंद्रताल सरोवराच्या खालच्या अंगाने जातो, बातलच्या पुढे पर्वतरांगांना वळसा घालून पश्चिमेकडे तोंड फिरवितो, आणि कोकसर, सिस्सू, गोंधला ही गावे ओलांडून, भागेच्या जवळजवळ दुप्पट अंतर तोडून, केलाँगच्या खाली तांदी येथे तिला मिळतो. चंद्राची कन्या आणि सूर्याचा पुत्र यांनी बारालाच्याची प्रदक्षिणा करून तांदीला लग्न लावले, अशी कथा लाहौलमध्ये सांगतात. संगमानंतर नदीचे नाव चंद्रभागा होते; हीच पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते. पंढरपूरला भीमा आपल्या वळणामुळे हेच नाव धारण करते, म्हणून मराठी मनाला ते ऐकताच ओलावा वाटतो. परंतु भीमेचे पाणी सह्याद्रीवरच्या पावसाचे आहे, आणि ही चंद्रभागा जवळजवळ निर्जल आकाशाखाली जन्मते.

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पीर पंजालची रांग मोसमी वाऱ्यांना अडविते, म्हणून लाहौलमध्ये आपल्याला परिचित असा पावसाळा फारसा नसतो. तेथे पाणी येते ते पौष-माघात, पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांतून, आणि येते तेही बर्फाच्या रूपाने. तो बर्फ साठतो, दबतो, जुन्या बर्फावर थर चढवितो, आणि उन्हाळा तापू लागला की हळूहळू मोकळा होतो. म्हणजे जेव्हा खालच्या मैदानाला पाण्याची सर्वाधिक गरज असते, नेमके तेव्हाच नदी वाढते. मानवाने एकही भिंत बांधण्यापूर्वी, कोणत्याही सरकारच्या मंजुरीवाचून, निसर्गाने येथे एक साठा करून ठेवलेला आहे. रूरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जम्मूजवळ अखनूर येथे नदी डोंगर सोडते त्या ठिकाणी तिच्या वार्षिक पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी हिम आणि हिमनद्या वितळून आलेले असते. चिनाबविषयीच्या कोणत्याही राजकीय वाक्याआधी हे वाक्य लिहिले जावे, असे मला वाटते.

त्या हिमनद्यांतील सर्वांत थोर म्हणजे बडा शिगरी. अठ्ठावीस किलोमीटरांच्या आसपास लांबीची ही हिमनदी हिमाचलातील सर्वांत लांब असून चंद्रेच्या डाव्या तीरावर येऊन संपते. तिचा खालचा भाग पाहणाऱ्याला ती बर्फाची आहे असे प्रथम वाटतच नाही, कारण दरडींचा, गोट्यांचा आणि मातीचा जाड थर तिने अंगावर घेतलेला आहे. १८३६ साली ही हिमनदी पुढे सरकून तिने चंद्रेचे पात्र अडविले, मागे सरोवर साचले आणि ते फुटून खालच्या खोऱ्यात अनर्थ झाला, अशी नोंद आहे. १९५५ पासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने, तिची पाहणी केली. तिच्या शेजारची छोटा शिगरी लांबीने जेमतेम नऊ किलोमीटरांची आहे. तथापि विज्ञानाच्या दृष्टीने तिचा मान मोठा, कारण २००२ पासून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधक तिच्यावर वर्षानुवर्षे जाऊन, बर्फात खांब रोवून, किती हिम पडले आणि किती गेले याचा जमाखर्च मांडीत आले आहेत. त्यात तुटीची वर्षे भरीच्या वर्षांपेक्षा पुष्कळ अधिक आहेत. संपूर्ण हिमालयात इतक्या सातत्याने मोजल्या गेलेल्या हिमनद्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील. ज्या देशाच्या महसूल दप्तरात कोकणातल्या गुंठाभर खाचराचाही सातबारा असतो, त्या देशाने आपल्या सर्वांत मोठ्या जलसाठ्याची मोजणी एका विद्यापीठाच्या चिकाटीवर सोपवावी, ही मला अत्यंत खेदाची गोष्ट वाटते.

लाहौल आणि स्पिती हा जिल्हा विस्ताराने मोठा असूनही २०११ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या साडेएकतीस हजारांच्या आसपास भरली. या थोड्या लोकांनी जे शेतीचे तंत्र उभे केले आहे ते सर्वस्वी बर्फावर अवलंबून आहे. येथे पावसाच्या भरवशावर काहीही पिकत नाही. वरच्या हिमाचे वितळलेले पाणी डोंगराच्या कडेने खोदलेल्या चिंचोळ्या पाटांतून शेतात आणावे लागते, त्या पाटांना तेथे कूल म्हणतात, आणि कोणाच्या शेताला कोणत्या पाळीने पाणी मिळावे याची वहिवाट गावोगाव पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केलाँगला आलेल्या मोरेव्हियन पंथाच्या जर्मन धर्मोपदेशकांनी तेथे बटाटा रुजविला, आणि लाहौलचे बियाण्याचे बटाटे पुढे देशभर नावाजले गेले. धर्माच्या बाबतीतही ही दरी उदार आहे: त्रिलोकनाथच्या मंदिरातील एकाच मूर्तीला हिंदू शिव म्हणून आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून पूजतात, आणि तांदीच्या संगमावर दोन्ही श्रद्धांचे लोक आपल्या मृतांच्या अस्थी सोडतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा सुरू झाला आणि हिवाळ्यात जगापासून तुटणारे हे खोरे बारमाही उघडे झाले. त्याचे लाभ निःसंशय मोठे आहेत. आजारी माणसाला मनालीपर्यंत पोहोचविता येणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्या उतारांवर दरड हा नित्याचा धोका आहे तेथे वाहनांचा आणि बांधकामांचा लोंढा किती सोसवेल, हे विचारण्याचा पहिला अधिकार लाहौलच्या ग्रामसभांना आहे, आणि तो त्यांना पूर्णपणे मिळालेला दिसत नाही.

तांदीच्या खाली नदी उदयपूरवरून पांगीच्या दरीत शिरते. तेथे तिचे रूप बदलते. हिमवाळवंट मागे पडते, देवदारांची दाट वने सुरू होतात, आणि कडे इतके जवळ येतात की रस्ता काढणाऱ्यांना कातळात खाच कोरूनच पुढे जावे लागले. १८६४ साली चंबा संस्थानाच्या राजाने आपली जंगले इंग्रज सरकारला मक्त्याने दिली, आणि पांगीतले देवदाराचे ओंडके चिनाबच्या प्रवाहात सोडून पंजाबच्या मैदानात नेले जाऊ लागले. पुढे पाडर लागते, जेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडलेल्या नीलमण्यांनी काश्मीरचे नाव जगभरच्या जवाहिऱ्यांच्या पेढ्यांवर नेले. किश्तवाडच्या पठाराखाली भंडारकोट येथे उत्तरेकडून मरुसुदर येऊन मिळते, आणि नदी एकदम दक्षिणेकडे वळते. ऋग्वेदाच्या नदीसूक्तात असिक्नी आणि मरुद्वृधा ही नावे शेजारी शेजारी येतात. असिक्नी म्हणजे चिनाब हे सर्वमान्य आहे, आणि मरुद्वृधा म्हणजे हीच मरुसुदर किंवा मरुवर्धन, असे ऑरेल स्टाइनसारख्या पंडितांनी मानले. याच किश्तवाडातून १८३४ साली डोगरा सेनापती जोरावरसिंग लडाखवर चालून गेला. पुढे डोडा, रामबन, रियासी. आणि अखनूरला, जेथे १८२२ साली रणजितसिंगाने गुलाबसिंगाला जम्मूच्या गादीचा टिळा लावला, तेथे नदी पर्वतांचा निरोप घेते.

कोकणातल्या दरडींशी झुंजून ज्यांनी रोहा ते मंगळूर लोहमार्ग नेला त्याच कोकण रेल्वेच्या अभियंत्यांनी रियासी जिल्ह्यात बक्कल आणि कौरी यांच्या दरम्यान चिनाबवर ३५९ मीटर उंचीवरून, ४६७ मीटर लांबीच्या पोलादी कमानीवर, पूल उभारला. ६ जून २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. या कामाचा अभिमान मराठी माणसाने अवश्य बाळगावा. मात्र नदी ओलांडता येणे आणि नदी ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इतिहासातही या नदीने आपले बर्फाचे मूळ वारंवार जाणवून दिले आहे. इसवी सनापूर्वी ३२६ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर तिच्या काठी आला तेव्हा हिम वितळण्याचा भर आणि मोसमी पाऊस दोन्ही एकत्र आलेले होते. त्याच्याबरोबर असलेल्या टॉलेमीच्या वृत्तान्ताच्या आधारे एरियन सांगतो की, ग्रीक जिला अकेसिनीस म्हणत त्या नदीचे पात्र ओलांडण्याच्या ठिकाणी पंधरा स्टेडिया, म्हणजे आजच्या मापाने पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास रुंद होते. फुगविलेल्या कातड्यांवरून गेलेले सैनिक सुखरूप पार झाले, पण नावा खडकांवर आपटून फुटल्या आणि पुष्कळ माणसे बुडाली. आशिया जिंकीत आलेल्या सैन्याची ही हानी कोणा राजाने केलेली नव्हती. आणि अठराव्या शतकात, १७५८ च्या एप्रिलमध्ये, लाहोर हस्तगत झाल्यावर अब्दालीचा पुत्र तैमूरशहा आणि सेनापती जहानखान यांचा पाठलाग करीत मराठी फौजा याच चिनाबपर्यंत गेल्या. अटकेपार झेंडे लावल्याचा उद्घोष आपण करतो, परंतु अटकेच्या अलीकडे जो मुलूख लागतो तो आपल्या कल्पनेत रिकामाच राहिलेला आहे. लाहोरची सुभेदारी पंचाहत्तर लाखांच्या खंडणीवर अदिनाबेगाकडे ठेवण्यात आली, काही महिन्यांतच तो मरण पावला, आणि तीन वर्षांच्या आत पानिपत झाले. तेथील नद्यांची, शेतीची, लोकांची माहिती मिळवून अंमल बसविण्याइतकी सवड आपल्याला मिळालीच नाही. पंजाबी मनाला मात्र ही नदी प्रेमाची नदी आहे. झंगची हीर आणि तख्त हजाऱ्याचा रांझा तिच्याच काठचे, आणि कच्च्या घड्याच्या आधाराने पैलतीरी निघालेली सोहनी तिच्याच पुरात बुडाली.

चिनाबवर खरा ताबा मिळविण्याचा पहिला यत्न इंग्रजांनी केला. रावी आणि चिनाब यांच्यामधील रचना दुआबाचा मोठा भाग तेव्हा माळरान होता. तेथे पशुपालक जमाती उंट-म्हशी घेऊन फिरत असत आणि सरकारी कागदात त्यांना जंगली म्हणत. १८९२ मध्ये खानकी येथे बंधारा पुरा झाला, लोअर चिनाब कालवा वाहू लागला, आणि वीस लाखांहून अधिक एकर जमीन ओलिताखाली आली. पूर्व पंजाबातून शेतकरी आणून त्यांना जमिनी वाटल्या गेल्या, चौकोनी गावे आखली गेली, आणि लायलपूर नावाचे शहर घंटाघराभोवती आठ बाजार मांडून वसविले गेले. तेच आजचे फैसलाबाद. पशुपालकांची कुरणे कोणत्या न्यायाने गेली, हे मात्र त्या वसाहतीच्या गौरवग्रंथांत शोधूनच काढावे लागते. जे शेतकरी आणले गेले त्यांच्याही जमिनीवर सरकारने आपला पंजा ढिला केला नव्हता. १९०६ च्या वसाहत विधेयकाने वारसाहक्कात हात घातला, पाणीपट्टी वाढली, आणि १९०७ मध्ये त्या मुलखात ‘पगडी सांभाळ जट्टा’ची चळवळ पेटली. लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना मंडालेस पाठविण्यात आले, जेथे पुढच्याच वर्षी लोकमान्यांची रवानगी व्हावयाची होती. व्हाइसरॉय मिंटोला अखेर ते विधेयक नामंजूर करावे लागले. त्याच वर्षी, त्याच चिनाबच्या वसाहतीत, बंगा गावी, अजितसिंगांचा पुतण्या भगतसिंग जन्मला. पाणी दिले म्हणून माणसे मुकाट राहतील हा साम्राज्याचा हिशेब त्या मातीत चुकला.

१९४७ साली रॅडक्लिफची रेघ कालव्यांवरून गेली. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने रावी आणि सतलज यांवरील कालव्यांचे पाणी बंद केले, महिन्याभरात तात्पुरती तडजोड झाली, आणि त्यानंतर जागतिक बँकेच्या मध्यस्थीने जी वाटाघाट कित्येक वर्षे चालली तिचा शेवट १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूबखान यांच्या स्वाक्षऱ्यांनी झाला. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यत्वे पाकिस्तानला. आणि पर्यायी कालव्यांच्या खर्चापोटी भारताने सहा कोटी वीस लाख साठ हजार पौंड द्यावयाचे. पश्चिमेच्या नद्यांवर भारताला मर्यादित शेती, घरगुती वापर आणि प्रवाहावर चालणाऱ्या वीजकेंद्रांचा हक्क राहिला. छत्तीस लाख एकर-फुटांच्या साठ्याचाही हक्क राहिला, जो आपण आजवर फारच थोडा बजावला. तीन युद्धांतूनही हा करार टिकला हे त्याचे मोठेपण आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो नद्या वाटणारा करार होता, खोरे सांभाळणारा नव्हता. करणाऱ्यांनी गृहीत धरले की वरून येणारे पाणी चिरंतन आहे आणि भांडण फक्त वाटणीचे आहे. हिमनद्यांच्या ऱ्हासासंबंधी त्यात एकही तरतूद नाही.

गाळासंबंधी तरतूद आहे, पण ती अशी की, जलाशयाच्या तळाशी दारे ठेवणे गाळासाठी अपरिहार्यच झाले तर ती लहानात लहान आणि शक्य तितक्या उंचीवर असावीत. पाकिस्तानच्या बाजूने या अटीमागे भय होते, आणि ते समजण्यासारखे होते: तळाची दारे ज्याच्या हाती, त्याच्या हाती जलाशय रिकामा करून पुन्हा भरण्याची सत्ता. पण हिमनद्यांनी दळलेल्या दगडांचे पीठ घेऊन धावणाऱ्या या नदीने त्या अटीचे काय केले ते सलाल येथे पाहावे. १४ एप्रिल १९७८ रोजी, अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री असताना, सलाल धरणाविषयी स्वतंत्र समझोता झाला. त्यान्वये सांडव्याच्या दारांची उंची चाळीस फुटांवरून तीस फुटांवर आणली गेली आणि गाळ बाहेर काढण्यासाठी योजलेल्या तळाच्या सहा मोऱ्या काँक्रीटने कायमच्या बुजविण्यात आल्या. धरण झाले, ६९० मेगावॉटचे केंद्र चालू झाले, आणि थोड्याच वर्षांत जलाशयाचा बहुतांश भाग गाळाने भरून गेला. सद्भावनेने केलेला समझोता होता तो. परंतु त्या सद्भावनेच्या मेजावर नदीची बाजू मांडणारे कोणी नव्हते. पुढे चिनाबवरच्याच बगलिहार धरणावरून वाद झाला तेव्हा तटस्थ तज्ज्ञ म्हणून नेमलेले स्विस अभियंते रेमंड लाफित यांनी २००७ च्या निर्णयात भारताला दारांचा सांडवा ठेवू दिला, गाळाचा प्रश्न धरणाच्या आयुष्याशी निगडित आहे हे मान्य केले, आणि त्याच वेळी भारताने मागितलेला रोजच्या वापराचा साठा काही अंशी कमी केला. सेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या कागदाला त्या दिवशी प्रथम भूगोलाचा स्पर्श झाला, असे मी म्हणेन.

आता त्या साठ्याचा हिशेब करून पाहावा. बगलिहारला मान्य झालेला वापराचा साठा आहे सुमारे सव्वातीन कोटी घनमीटर. आकडा ऐकावयास मोठा आहे. परंतु उन्हाळी फुगवट्यात नदीतून सेकंदाला दोन हजार घनमीटर पाणी जात असेल, तर तो साठा साडेचार तासांत भरतो आणि नंतर येणारे पाणी सोडून देण्यावाचून गत्यंतर नसते. हिवाळ्यात, प्रवाह क्षीण असताना, अडविणे-सोडणे यांनी खाली त्रास निर्माण करता येईल हे खरे. मे २०२५ मध्ये बगलिहार आणि सलाल येथे गाळ काढण्यासाठी जलाशय रिकामे करून भरण्यात आले तेव्हा खाली, पाकिस्तानातील मराला बंधाऱ्यापाशी, प्रवाह एकदम घटला आणि वाढला. पण नदी थांबविणे ही गोष्ट वेगळी. किश्तवाड जिल्ह्यात पाकल दुल, किरू, क्वार, रतले हे प्रकल्प उभे राहत आहेत. पैकी साठ्याचा म्हणावा असा पाकल दुल एकटाच आहे, तो मरुसुदरवर आहे, आणि त्यासाठीही वर्षानुवर्षे खपावे लागले आहे. हे सर्व एका अत्यंत भूकंपप्रवण आणि दरडींच्या मुलखात चालले आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पाडरमधील चशोती येथे डोंगरावरून आलेल्या लोंढ्याने मचैल यात्रेतील साठांहून अधिक यात्रेकरू आणि ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. ज्यांना चिनाबवर उंचच उंच धरणे हवी आहेत त्यांनी चशोतीचा उतार डोळ्यांपुढे ठेवून बोलावे.

माझा आग्रह धरणे बांधू नयेत असा नाही. जम्मूच्या डोंगराळ जिल्ह्यांना विजेची आणि रोजगाराची गरज आहे, आणि सहा दशके आपले कायदेशीर हक्कही आपण वापरले नाहीत, यात दोष आपलाच आहे. माझा आग्रह आहे तो क्रमाविषयी. जानेवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे पहलगामच्या आधीच, भारताने करारात बदल करण्याची रीतसर मागणी केली होती, आणि बदललेल्या परिस्थितीचा तिच्यात उल्लेख होता. ती भूमिका योग्य होती आणि बळकट होती. मात्र तिला बळ देणारा पुरावा बर्फात आहे. उष्मा वाढत जाईल तसतशी हिमनद्यांची नदी प्रथम फुगते, कारण साठविलेले भांडवल वेगाने बाहेर पडते, आणि ते भांडवल आटले की ती कायमची रोडावते, विशेषतः पावसाआधीच्या उन्हाळ्यात. चिनाबच्या वेगवेगळ्या उपखोऱ्यांत हे वळण केव्हा येईल हे सांगण्यासाठी लागणारी मापने, चंद्रा आणि भागा यांच्या वरच्या अंगाला, वर्षभर चालणाऱ्या केंद्रांतून झाली पाहिजेत, आणि ती दप्तरात कुलूपबंद न राहता प्रसिद्ध झाली पाहिजेत. सीमेवरील नद्यांचे प्रवाहांक गोपनीय मानण्याची जी सरकारी सवय आहे तिने शत्रूचे काही बिघडत नाही, कारण त्याच्या दाराशी मराला येथे तो स्वतः पाणी मोजतोच. बिघडते ते आपल्या विद्यापीठांचे आणि लाहौलच्या शेतकऱ्याचे.

आणि सीमेपलीकडचा शेतकरी? या प्रश्नावर बोलणे आज अप्रिय आहे, तरी बोलले पाहिजे. मराला, खानकी, कादिराबाद, त्रिमू, पंजनद या बंधाऱ्यांखाली जो गहू, ऊस आणि कापूस पिकतो तो पिकविणाऱ्याने पहलगामला गोळ्या झाडल्या नाहीत. पाकिस्तानी राज्यकर्त्यांनी दहशतवादाला दिलेल्या आश्रयाची किंमत त्यांच्याकडून वसूल करण्याचा भारताला अधिकार आहे. मात्र पुराची सूचना रोखणे हे त्या वसुलीचे साधन होऊ नये. २०२५ च्या ऑगस्टअखेर चिनाब, रावी आणि सतलज एकाच वेळी चढल्या, कादिराबादचा बंधारा वाचविण्यासाठी पाकिस्तानी अधिकाऱ्यांना बाजूचा बांध फोडावा लागला, आणि लाखो लोक बेघर झाले. त्या दिवसांत, करार स्थगित असतानाही, भारताने उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकीच्या भूमिकेवरून, पुराचे इशारे पाठविले. हा निर्णय मला त्या संपूर्ण वर्षातील सर्वांत प्रगल्भ निर्णय वाटतो. तो अपवाद न राहता नियम व्हावा, आणि पुढे जो काही तहनामा होईल, मग तो कोणत्याही शर्तींवर होवो, त्याच्या पहिल्याच कलमात तो यावा.

कारण इशाऱ्याची गरज प्रथम आपल्यालाच आहे. सिस्सूच्या वर, ४,०६८ मीटर उंचीवर, घेपांग घाट नावाचे हिमनदीच्या तोंडाशी साचलेले सरोवर आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे जाहीर केले की, १९८९ मध्ये साडेछत्तीस हेक्टर असलेले हे सरोवर २०२२ पर्यंत १०१ हेक्टरांवर गेले आहे. त्याचे पाणी सिस्सूपाशी चंद्रेत उतरते, आणि अटल बोगद्याचे उत्तरेकडचे तोंड तेथून फार दूर नाही. असे सरोवर फुटले तर काय होते ते सिक्कीमने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिस्तेच्या खोऱ्यात पाहिले. दक्षिण ल्होनाक सरोवराच्या लोंढ्याने चुंगथांगचे धरण काही क्षणांत वाहून नेले. घेपांग घाटाच्या पाण्याची पातळी अहोरात्र मोजणारी यंत्रे, सिस्सूपासून उदयपूरपर्यंतच्या प्रत्येक गावी वाजणारा भोंगा, आणि सरोवराची पातळी नियंत्रित रीतीने उतरविण्याची योजना, यांना लागणारा पैसा एका वीजकेंद्राच्या खर्चाचा अत्यल्प अंश असेल. या कामाला कोणत्याही देशाची संमती लागत नाही, कोणताही करार त्याच्या आड येत नाही, आणि येत्या उन्हाळ्याआधी ते सुरू करता येण्याजोगे आहे.